बेटावरची निवांत सुट्टी आणि शांत दिसणारे पाणी

नमस्कार. मित्रांबरोबर एखाद्या छोट्या उष्णकटिबंधीय बेटावर चार दिवस विश्रांतीसाठी जायचे असेल तर काय काय पाहून जावे, हा प्रश्न तुमच्यापैकी अनेकांनी पुन्हा पुन्हा विचारला आहे, म्हणून आजचा भाग त्यावरच आहे.

सामानाचे आधी उरकून घेऊ. टोपी, लांब बाह्यांचे सैल कपडे, नेहमीची औषधे आणि प्रवाळावर पाय कापू नये म्हणून जाड तळाची पादत्राणे हवीतच. सनस्क्रीन दर दोन तासांनी आणि पाण्यातून बाहेर आल्यावर पुन्हा लावावे, कारण विषुववृत्ताच्या आसपास दुपारचा सूर्य जवळजवळ डोक्यावर असतो आणि आभाळ ढगाळ असले तरी अतिनील किरण पोहोचतातच. बऱ्याच छोट्या बेटांवरचे गोडे पाणी म्हणजे मुरलेल्या पावसाचा, जमिनीखाली खाऱ्या पाण्यावर तरंगणारा मर्यादित साठा असतो, तेव्हा अंघोळीचे पाणी जपून वापरावे. एवढे पुरे.

मला खरे बोलायचे आहे ते समुद्रात कुठून उतरावे याबद्दल. मागच्या भागाखाली एका प्रेक्षकाने लिहिले होते की, आम्ही नेहमी जिथे लाटा नाहीत अशी शांत जागा शोधतो आणि तिथूनच पाण्यात शिरतो. त्याखाली अनेकांनी सहमती दर्शवली होती आणि ते वाचून मी अस्वस्थ झालो. पाणी शांत दिसते म्हणून ते सुरक्षित आहे, हा समज किनाऱ्यावरच्या सर्वांत घातक समजांपैकी एक आहे, आणि बेटावर तो तीन वेगवेगळ्या ठिकाणी आपल्याला फसवतो.

पहिले ठिकाण म्हणजे वाळूचा उघडा किनारा. लाटा फुटून किनाऱ्याकडे जे पाणी ढकलतात त्याला परत जावेच लागते, आणि छपरावरचे पाणी जसे पन्हळीतून धावते तसे ते वाळूच्या उंचवट्यांमधल्या एखाद्या खोल पट्ट्यातून समुद्राकडे धावते. यालाच रिप करंट म्हणतात. त्या पट्ट्यात पाणी खोल असल्यामुळे लाटा फुटत नाहीत. त्यामुळे दोन्ही बाजूंना पांढरा फेस आणि मध्ये गडद, गुळगुळीत पाणी असे दृश्य दिसते, आणि नवखा माणूस नेमकी तीच वाट निवडतो. या प्रवाहाचा वेग बहुतेक वेळा सेकंदाला अर्ध्या मीटरच्या आसपास असतो, मात्र तो सुमारे २.४ मीटरपर्यंतही जाऊ शकतो. २०२४ च्या पॅरिस ऑलिंपिकमध्ये चिनी जलतरणपटू पान झानले याने १०० मीटर अंतर ४६.४० सेकंदांत पोहून विश्वविक्रम केला, त्याचा सरासरी वेग सेकंदाला २.१६ मीटर भरतो. म्हणजे जोरदार प्रवाहाविरुद्ध तोही किनारा गाठू शकला नसता. मग तुम्ही-आम्ही तसा प्रयत्न का करावा?

आमच्या एका सहलीत तरणतलावात उत्तम पोहणारा एक मित्र अशाच गुळगुळीत पट्ट्यात शिरला होता. आपण ओढले जात आहोत हे त्याला बराच वेळ कळलेच नाही, कारण अंगाभोवतीचे पाणी त्याच्याबरोबरच सरकत होते. किनाऱ्यावरची झाडे लहान दिसू लागली तेव्हा त्याच्या लक्षात आले. त्याने धडपड केली नाही. पाठीवर तरंगून त्याने एक हात वर केला, श्वास स्थिर होऊ दिला, मग किनाऱ्याला समांतर, जिथे लाटा फुटत होत्या त्या बाजूला सरकला आणि त्या लाटांबरोबर बाहेर आला. रिप करंट माणसाला खाली खेचत नाही, तो फक्त दूर नेतो. बुडणारी माणसे मुख्यतः त्याच्याशी झुंजून दमल्यामुळे बुडतात. म्हणून पाण्यात उतरण्यापूर्वी दहा मिनिटे थोड्या उंचावर उभे राहून लाटा पाहाव्यात, आणि पोहताना किनाऱ्यावरच्या एखाद्या ठळक खुणेकडे वारंवार नजर टाकावी.

दुसरे ठिकाण लगून, म्हणजे प्रवाळभिंत आणि किनारा यांच्यामधले अडलेले पाणी. फिकट हिरव्या, उथळ आणि जवळजवळ निश्चल पाण्याकडे पाहून इथे धोका असेल असे कोणाला वाटतच नाही. पण भिंतीवरून आत आलेले पाणी भिंतीतल्या खिंडीतूनच बाहेर पडते, आणि ओहोटी लागली की साऱ्या लगूनचे पाणी त्या अरुंद वाटेकडे निघते. दिवसातून दोनदा भरती-ओहोटी येते अशा ठिकाणी ओहोटी साधारण सहा तास चालते, आणि तिच्या मधल्या दोन तासांत पाण्याला सर्वाधिक ओढ असते. अमावास्या-पौर्णिमेच्या उधाणाच्या दिवसांत ती आणखी वाढते. ‘भरती-ओहोटीच्या वेळा बघत बसलो तर सुट्टीची मजा राहणार नाही,’ असे मला अनेकदा लिहून येते. मला ते अजिबात मान्य नाही. सकाळी स्थानिक नावाड्याला एक प्रश्न विचारायला दोन मिनिटे लागतात, आणि खिंड कोणत्या बाजूला आहे हे त्याच्याइतके नेमके दुसरे कोणी सांगू शकत नाही.

तिसरे ठिकाण सर्वांत फसवे आहे, कारण तिथे खरोखरच एकही लाट नसते. व्यापारी वाऱ्यांच्या, म्हणजे बहुतेक काळ एकाच दिशेने वाहणाऱ्या वाऱ्यांच्या, पट्ट्यातल्या बेटाची एक बाजू वाऱ्याला सामोरी असते आणि दुसरी आडोशाला. आडोशाच्या बाजूला वारा जमिनीवरून समुद्राकडे वाहतो, त्यामुळे किनाऱ्यालगतचे पाणी काचेसारखे सपाट राहते. हवेने फुगवलेली गादी किंवा रबरी कडे घेऊन त्यावर पहुडलेला माणूस बघता बघता दूर वाहत जातो, आणि जितका दूर जाईल तितका वारा जोरात लागतो. अशा गाद्या खेळण्यासाठी असतात, जीव वाचवण्यासाठी नव्हेत. चेंडू किंवा गादी वाऱ्याने दूर गेली तर तिच्यामागे पोहू नये, ती जाऊ द्यावी.

आता मित्रांच्या गटाविषयी. छोट्या बेटांवर जीवरक्षक बहुधा नसतात, त्यामुळे ते काम आपापसांत वाटून घ्यावे लागते. पाण्यात कोणी असेल तोवर एक जण किनाऱ्यावर उभा राहील, मद्य घेणार नाही आणि फोनमध्ये पाहणार नाही, एवढे ठरले की बाकीचे निर्धास्त लोळू शकतात. बुडणारा माणूस बहुतेक वेळा ओरडत नाही. त्याला श्वास घेणेच कठीण झालेले असते, त्यामुळे आवाजाची वाट पाहण्यात अर्थ नाही. आणि कोणी संकटात दिसला तर त्याच्यामागे लगेच उडी मारू नका, कारण वाचवायला गेलेलेच बुडाल्याच्या घटना वारंवार घडतात. झाकण घट्ट लावलेला रिकामा कॅन, मोठा चेंडू, दोरी, जे तरंगेल ते त्याच्याकडे फेका, मदतीसाठी कोणाला तरी नावाड्याकडे पिटाळा आणि स्वतः त्याच्यावरून नजर हटवू नका.

तुम्ही जाणार असलेल्या बेटाचा नकाशा पाठवलात, तर प्रवाळभिंतीतल्या खिंडी त्यावर कशा ओळखायच्या, हे पुढच्या भागात दाखवीन. धन्यवाद.