पाचशे प्रती आणि एक तळघर

नमस्कार श्रोतेहो. आज मी तुम्हाला आयर्लंडच्या एका गायकाकडे घेऊन जाणार आहे. त्याचं नाव ख्रिस्ती मूर. पुन्हा सांगतो, ख्रिस्ती मूर.

जन्म १९४५चा, किल्डेअर परगण्यातल्या न्यूब्रिज गावातला. शिक्षण झालं आणि हा मुलगा बँकेत कारकून म्हणून चिकटला. बँकेची नोकरी म्हणजे घरच्यांना काय वाटतं, ते तुम्हाला वेगळं सांगायला नको. १९६६ साली तिथल्या बँकांचा संप झाला आणि हा गिटार घेऊन इंग्लंडला निघून गेला. संप मिटला. हा मात्र बँकेच्या खिडकीमागे परत बसला नाही. बांधकामावर राबायचं, तेलविहिरीवर राबायचं आणि संध्याकाळी लोकगीतांच्या क्लबात उभं राहून गायचं, असे दिवस त्यानं काढले.

१९६९ साली त्याची पहिली तबकडी निघाली, ‘पॅडी ऑन द रोड’. आयरिश मजुराला इंग्लंडात सरसकट ‘पॅडी’ म्हणत, म्हणून हे नाव. प्रती किती काढल्या? ५००. फक्त ५००. त्यात त्याच्या घराजवळच्या कुराच्या माळरानाचं गाणं आहे, मजुरांचे पुढारी जेम्स लार्किन यांच्यावरचं गाणं आहे. आवाज तरुण आहे, दमदार आहे. पण साथीला होते ते पैसे देऊन बोलावलेले स्टुडिओतले वादक. चांगले वाजवणारे, तरी परके. ख्रिस्तीला ते सलत राहिलं. आपली गाणी आपल्या माणसांबरोबर वाजवायची, असं त्याच्या मनानं घेतलं.

म्हणून १९७१च्या उन्हाळ्यात तो घरी आला. प्रॉस्परस नावाच्या गावाजवळ त्याच्या बहिणीच्या सासरचं जुनं घर होतं. त्या घराच्या तळघरात ध्वनिमुद्रण झालं. हो, तळघरात! (या गावाची एक गंमत सांगतो. ईस्ट इंडिया कंपनीच्या फौजेत नोकरी केलेल्या रॉबर्ट ब्रुक नावाच्या माणसानं १७८०च्या सुमारास कापसाच्या उद्योगासाठी ते वसवलं. नाव ठेवलं ‘भरभराट’ अशा अर्थाचं. उद्योग बुडाला, नाव राहिलं.)

तळघरात कोण कोण जमलं होतं? डोनल लुनी, शाळेपासूनचा मित्र. ख्रिस्तीला गिटार शिकवली यानंच. अँडी अर्विन, मँडोलिनवर. आणि लियम ओ’फ्लिन, इलन पाइपवर. इलन पाइप म्हणजे तोंडानं न फुंकता वाजवायचा पावा. कोपराखाली भाता असतो, तो दाबून हवा भरायची. आपल्या पेटीचा भाता हातानं चालतो, यांचा कोपरानं. आणि सूर धरून ठेवणाऱ्या नळ्या तंबोऱ्यासारख्या मागे सतत चालू. ख्रिस्ती स्वतः बाउरान वाजवतो. आपल्या डफाचा भाऊच म्हणा, एका बाजूनं कातडं मढवलेला. तबकडी १९७२ साली आली, गावाच्याच नावाची: ‘प्रॉस्परस’. आणि या चौघांचं एक पथक झालं, प्लँक्स्टी.

आता मला जी गोष्ट सांगायची आहे, ती या पथकाची. १९७२ साल. गॉलवे शहर. तिथे ‘हँगर’ नावाच्या जागी डोनोव्हनचा कार्यक्रम होता. डोनोव्हन म्हणजे त्या काळातला मोठा तारा. तरुण पोरं त्याच्यासाठी आली होती. आणि त्याच्या आधी गायला कोण? प्लँक्स्टी! नाव कुणाला माहीत नाही. चौघंही बसून वाजवणारे. एकाच्या कोपराखाली भाता, एकाच्या हातात डफासारखं काहीतरी. आणि गाणी कसली, तर खेड्यातल्या म्हाताऱ्यांची.

आधी गाणाऱ्यांचे हाल तुम्हाला ठाऊक आहेत. मला स्वतःला मुख्य कलाकार येईपर्यंत बटाटेवड्याच्या रांगेत उभे राहणारे रसिक मुळीच आवडत नाहीत. खुर्चीत बसा, ऐका. पुढचा मोठा गायक कदाचित तिथेच बसलेला असतो.

तर चौघं वाजवू लागले. दिवे थेट डोळ्यांवर. अँडी अर्विनला समोर काही दिसेना. नुसता काळोख. आणि त्या काळोखातून आवाज यायला लागला. ओरडा. आरोळ्या. तो वाढतच गेला. अँडीला वाटलं, संपलं. पोरं बिथरली. आपल्याला हाकलतायत, आता दंगा होणार. वाजवणं तर थांबवता येत नाही. बोटं चालू, कान त्या गोंगाटाकडे आणि जीव मुठीत. कितीतरी मिनिटं गेली, तेव्हा कुठे त्याच्या लक्षात आलं, ही पोरं चिडलेली नाहीत. ही आनंदानं ओरडतायत!

डोनोव्हनसाठी आलेली पोरं, श्रोतेहो! आजीच्या तोंडची गाणी त्यांनी पाइप आणि मँडोलिनच्या संगतीत ऐकली आणि ती वेडी झाली. त्यांना हे असं काही ऐकायला मिळेल असं वाटलं नव्हतं, आणि वाजवणाऱ्यांनाही ती इतकी खूश होतील असं वाटलं नव्हतं. मी ही गोष्ट कितीही वेळा सांगितली तरी अंगावर काटा येतो.

पुढे ख्रिस्ती एकटाच रंगमंचावर उभा राहू लागला. १९९४ साली आलेली ‘लाइव्ह अॅट द पॉइंट’ ही त्याच्या डब्लिनमधल्या कार्यक्रमाची तबकडी मिळाली तर जरूर ऐका. एक माणूस, गिटार आणि बाउरान.

आता गाणं लावतो. ‘प्रॉस्परस’मधलं पहिलंच. श्रीमंत घरातली बाई भटक्यांच्या मागे निघून जाते आणि नवरा घोड्यावर बसून तिला शोधायला निघतो. ख्रिस्ती हे गाणं जॉन रायली नावाच्या भटक्या समाजातल्या गायकाकडून शिकला. रॉसकॉमन परगण्यातल्या बॉइल गावी राहायचा तो. १९६९ साली गेला, फार गरिबीत. आपल्याकडे अशा गाण्यापुढे ‘पारंपरिक’ एवढंच लिहितात, ते मला पटत नाही. कुणाच्या तरी गळ्यातून ते आलेलं असतं. म्हणून नाव घेतो, जॉन रायली.

आणि एक करा. गाणं संपेल असं वाटेल, तेव्हा रेडिओ बंद करू नका. ख्रिस्तीचा आवाज थांबतो आणि त्याला लागूनच एक जुनी वीणेवरची धून सुरू होते. इलन पाइप तिथे आत शिरतात. ती जागा ऐका.