पोतं कुणाचं, हमाल कुणाचा?

सांगलीत मार्केट यार्डाजवळच्या एका हॉलमध्ये हमाल, गवंडी, मोलकरणी अशा सगळ्यांसमोर केलेलं हे भाषण. रेकॉर्डिंगवरून टाईप केलंय, परत परत आलेलं तेवढं काढलंय.

माईक जरा लांब ठेवतो, माझा आवाज मुळातच मोठाय, बाप हमाल होता ना, हळदीच्या सौद्यात हळू बोलून भागतच नाही. मागं उभ्या आहेत त्या मावश्यांनी पुढं या बघू, खुर्च्या रिकाम्या आहेत, पुढच्या रांगेत पुढारीच बसायला पाहिजेत असं काही नाही.

वडिलांपासनंच सुरू करतो. सकाळी एका अडत्याची, म्हणजे माल विकून देणाऱ्या दलालाची, गाडी उतरवायची, दुपारी दुसऱ्याचा माल भरायचा, संध्याकाळी तिसऱ्याच्या गोडाऊनला थप्पी लावायची. शंभर किलोचं पोतं, पाठीवर, हातात हुक. एकदा थप्पी कोसळली आणि त्यांचा पाय अडकला, तर तिन्ही अडत्यांचं उत्तर एकच, हा आमचा माणूस नव्हे. आणि गंमत म्हणजे तिघंही खोटं बोलत नव्हते ओ! पोतं कुणाचं ते पट्टीवर, म्हणजे मालाच्या बिलावर, लिहिलेलं असतं, हमाल कुणाचा ते कुठंच लिहिलेलं नसतं.

आपल्याकडचे कामगार कायदे डोकी मोजतात. पीएफला वीस माणसं लागतात, ग्रॅच्युइटीला दहा माणसं आणि वर पाच वर्षं एकाच मालकाकडं नोकरी. आता अडत्याच्या दुकानात असतात किती, दोन दिवाणजी आणि चहावाला पोरगा. म्हणजे यार्डात शेकडो हमाल घाम गाळतात पण कायद्याच्या वहीत एकही दिसत नाही, कारण कुठल्याच एका दुकानात ते भरत नाहीत.

ही गाठ सोडवली ती 1969 च्या माथाडी कायद्यानं. त्यामागं अण्णासाहेब पाटील होते, आपल्या शेजारच्या सातारा जिल्ह्यातले, पाटण तालुक्यातल्या मंद्रुळकोळ्याचे, आणि मुंबईच्या बाजारात डोक्यावर ओझं वाहणारी माणसंही बरीचशी आपल्या साताऱ्या-सांगलीकडचीच होती. शेतात भागंना म्हणून एसटीत बसलेली. माथ्यावर ओझं म्हणून माथाडी. या कायद्यानं केलं काय, तर हमाल कुणाचा हा प्रश्नच बाजूला ठेवला. मालक कुणी का असंना, सरकारनं नेमलेल्या माथाडी मंडळात नोंद करायची, हमालाची पण नोंद, टोळी ठरलेली, आणि मजुरी हमालाच्या हातात द्यायची नाही, मंडळात भरायची. वर लेव्ही, म्हणजे मजुरीवर ठराविक टक्के जादा पैसे, ते पण व्यापाऱ्यानंच भरायचे. त्या लेव्हीतनं पीएफ, ग्रॅच्युइटी, बोनस, पगारी सुट्टी, दवाखाना. तीन अडत्यांकडं काम केलं तरी तिघांचे पैसे एकाच खात्यावर गोळा होतात. हक्क नोकरीला बांधला नाही, पोत्याला बांधला. पोतं हललं की लेव्ही पडली.

मला विचाराल तर असंघटित कामगारांसाठी या देशात एवढी हुशारीची दुसरी कल्पना झालेली नाही, आणि आपण ती यार्डाच्या गेटातच कोंडून ठेवलीय.

हां, माथाडीच्या नावावर पावत्या फाडून कारखानदारांना छळणारे पण आहेत, मला माहितीय. त्यांच्यावर गुन्हे दाखल करा की. पण कायदाच मोडीत काढा म्हणणाऱ्यांना हमाल कुठं दुखतो ते कळलेलं नाही.

आता बांधकामवाल्यांकडं येऊ. तिथं पण कल्पना बरी होती. 1996 चा कायदा, बांधकामाच्या खर्चावर एक टक्का सेस, म्हणजे उपकर, तो पैसा कामगारांसाठी. पैसा इमारतीतनंच येतो म्हणजे माथाडीसारखंच वाटतं, पण घोळ पुढं आहे. माथाडीत काम झालं की पैसे आपोआप तुमच्या नावावर पडतात, इथं मात्र बारा महिन्यांत नव्वद दिवस बांधकामावर काम केलंय हे तुम्हीच सिद्ध करायचं. दाखला ठेकेदार देईना, कारण उद्या माणूस पडला तर आपल्या गळ्यात येईल, मग ग्रामसेवकाच्या मागं फिरा, तोवर दोन खाडे. मग एजंट येतो, म्हणतो मी करतो. आणि जो खरंच सेंटरिंगवर उन्हात उभाय तो बाहेर, ज्यानं थापी कधी हातात धरली नाही त्याच्या घरी बांधकाम मंडळाचा भांड्यांचा सेट! (हशा) हसू नका, तुमच्यातल्याच कुणाकुणाच्या घरी असंल.

आता 21 नोव्हेंबर 2025 पासून चार नवीन कामगार संहिता लागू झाल्यात, तो 1996 चा कायदा पण त्यात गेला. पूर्वी स्वतःला राहायला दहा लाखापर्यंतचं घर बांधलं तर सेस नव्हता, आता ती मर्यादा पन्नास लाख केलीय. मिरजेत, तासगावात, विट्यात सामान्य माणूस बांधतो त्यातली किती घरं पन्नास लाखाच्या वर जातात सांगा? घरमालकाला दिलासा मिळाला, बरं झालं, पण त्या स्लॅबवरच्या बिगाऱ्याच्या वाटचा पैसा त्या घरातनं आता येणार नाही. झोमॅटो-स्विगीवाल्या पोरांचं नाव मात्र पहिल्यांदा केंद्राच्या कायद्यात आलं, त्यांच्या सुरक्षेसाठी कंपनीनं उलाढालीच्या एक ते दोन टक्के द्यायचे. म्हणजे परत लेव्हीच की! पन्नास वर्षांनी दिल्लीला हमालाचीच युक्ती आठवली.

ई-श्रम कार्ड किती जणांकडं आहे, हात वर करा. बरेच आहेत. चांगलंय, 2021 ला सुरू झालं, देशात तीस कोटींच्या वर नोंदणी झाली. पण ती नोंद आहे, पेन्शन नव्हे. पेन्शनसाठी श्रमयोगी मानधन ही योजना वेगळी, वय अठरा ते चाळीस, महिन्याला 55 ते 200 रुपये तुम्ही भरायचे, तेवढेच सरकार भरणार आणि साठीनंतर महिना तीन हजार. एकोणतीस वर्षांच्या पोरानं आज सुरू केलं तर एकतीस वर्षांनी तीन हजार, तेव्हा त्यात भडंगचा पुडा तरी येईल का बघा. वर्षाला वीस रुपयांचा तो सरकारी अपघात विमा, प्रधानमंत्री सुरक्षा विमा, मात्र घ्याच, दोन लाखाचा आहे, तिथं आळस करू नका.

सगळ्यात वाईट गत ऊसतोडवाल्यांची. बीडकडनं दरवर्षी कोयते येतात आपल्या कारखान्यांवर, कोयता म्हणजे नवरा-बायको मिळून एक, बाईचा वेगळा हिशोबच नाही. कारखाना म्हणतो माणसं मुकादमाची, मुकादम म्हणतो मी उचल, म्हणजे आगाऊ पैसे, दिलीय ती फिटंस्तोवर हलायचं नाही. परत तेच, हमाल कुणाचा? पण ऊस तर काट्यावर मोजला जातो ना, टनाटनाची नोंद असते. मग टनाला लेव्ही लावून ती तोडणाऱ्याच्या, आणि बाईच्या पण, नावानं जमा करायला अडचण काय आहे? ऊसतोड कामगारांच्या महामंडळासाठी टनाला दहा रुपये घ्यायचं ठरलंय, पण ते महामंडळाकडं जातात, तोडणाऱ्याच्या खात्यावर नाही. फरक तिथंच आहे.

काय म्हणाल्या मावशी? चार घरची भांडी करता, तुमची लेव्ही कुठल्या काट्यावर मोजायची? बरोबर पकडलंत मला. 2008 चा घरेलू कामगार कायदा आहे, मंडळ आहे, पण तिथं नोंदणी तुमची, मालकिणीवर काही नाही. मला याचं पूर्ण उत्तर सापडलेलं नाही. अपार्टमेंटमध्ये सोसायटी महिन्याला मेंटेनन्स गोळा करते, त्यातच फ्लॅटमागं थोडे पैसे घेऊन मंडळात भरायचे, असं मला वाटतं. वॉचमनचा पगार तसाच निघतो की. तुमच्या चार घरांतली किती अपार्टमेंटमध्ये आहेत? दोन? मग त्या दोन घरांपासनं सुरू करू. सोसायटीचं नाव आणि चेअरमन कोण ते जाताना माझ्या वहीत लिहून जा, लिहिता येत नसेल तर सांगा, मी लिहून घेतो.