इंग्रजीत नुसतं ‘सुटली’ म्हणून भागत नाही

नमस्कार मंडळी! आज मालवणच्या जेटीवरून बोलतेय. मागे सिंधुदुर्ग किल्ला दिसतोय. वाऱ्याचा आवाज आला तर सांभाळून घ्या.

इथे होडीवाले, खानावळवाले, घरी पाहुणे ठेवणारे, सगळ्यांना दिवसभर थोडं तरी इंग्रजी बोलावंच लागतं. शब्द येतात हो सगळ्यांना. अडतं ते सर्वनाम आणि क्रियापद यांची जोडी जुळवताना.

पाहुणा विचारतो, किल्ल्याची होडी सुटली का? आपण म्हणतो, ‘सुटली’. झालं उत्तर. आता हेच इंग्रजीत नुसतं ‘लेफ्ट’ म्हणून बघा. पाहुणा डावीकडे बघायला लागेल! ‘इट हॅज लेफ्ट’ म्हणावं लागतं. असं का?

आपलं क्रियापद स्वतःच खूप काही सांगतं. ‘आलीस?’ एवढंच विचारा. समोर एकच व्यक्ती आहे, ती बाई आहे आणि तिच्याशी अरे-तुरेचं नातं आहे, हे सगळं त्या एका शब्दात आलं. इंग्रजीत आय केम, यू केम, शी केम, दे केम. ‘केम’ काही बदलत नाही. मग कोण आलं हे सांगणार कोण? सर्वनाम. म्हणून ते गाळायचं नाही. ‘पाऊस पडतोय’ याचं ‘इट इज रेनिंग’ होतं. त्यातलं ‘इट’ म्हणजे ढगही नव्हे आणि आभाळही नव्हे. कर्त्याची जागा रिकामी ठेवता येत नाही, म्हणून ते तिथे बसवलंय.

आपण म्हणतो पापलेट घेतलं, सुरमई घेतली, बांगडे घेतले. इंग्रजीत तिन्हीकडे ‘बॉट’. इथे मात्र सुटका आहे, आनंदाने घ्या.

वर्तमानकाळात तेवढं एक शेपूट लागतं. ‘द बोट लीव्हज ॲट टेन’. ही, शी, इट यांच्यासाठी शेवटी ‘स’ किंवा ‘झ’चा आवाज. हे शाळेत सगळ्यांनी पाठ केलंय. पण पावसाळ्यात किल्ल्याची होडी बंद असते, ते कसं सांगाल? ‘द बोट डझ नॉट रन इन द मॉन्सून’. शेपूट ‘रन’चं सुटलं आणि ‘डू’ला लागलं, त्याचं ‘डझ’ झालं. दोघांना एकदम लागत नाही. ‘डझ नॉट रन्स’ खूप ऐकू येतं, ते टाळा.

बरेच जण वयस्कर पाहुण्याला ‘यू’ म्हणायला संकोचतात. अजिबात संकोचू नका. जुन्या इंग्रजीत एका माणसासाठी ‘दाऊ’ होतं आणि ‘यू’ अनेकांसाठी. पुढे मान द्यायला एकट्यालाही ‘यू’ म्हणू लागले, अगदी आपल्या ‘तुम्ही’सारखं. हळूहळू ‘दाऊ’ मागे पडलं. म्हणूनच माणूस एकटा असला तरी ‘यू आर’.

होडी आपल्याकडे ती, समुद्र तो, जाळं ते. इंग्रजीत तिन्ही ‘इट’. जहाजाला ‘शी’ म्हणायची दर्यावर्दींची जुनी रीत होती, अजूनही कुणी कुणी म्हणतं. पण लॉइड्स लिस्ट या लंडनच्या जहाजवाहतुकीच्या जुन्या वृत्तपत्रानेही २००२ साली ‘इट’ वापरायचं ठरवलं.

आता माझा सगळ्यात आवडता भाग. ‘त्याने आपली होडी विकली’ आणि ‘त्याने त्याची होडी विकली’. पहिल्यात होडी विकणाऱ्याचीच. दुसऱ्यात ती कदाचित दुसऱ्याच कुणाची, आणि मग प्रकरण गंभीर आहे! इंग्रजीत दोन्हींना ‘ही सोल्ड हिज बोट’. मराठीतलं हे ‘आपला, आपली, आपलं’ इंग्रजीत नाही. म्हणून जिथे घोळ होईल तिथे ‘हिज ओन बोट’ म्हणा, नाहीतर सरळ मालकाचं नाव घ्या. पैशांचा व्यवहार असेल तर नावच घ्या, असं मी सांगेन.

आता एक वाक्य तुमच्यासाठी. ‘काल बांगडे आणले, पण विकले गेले नाहीत.’ याचं इंग्रजी कमेंटमध्ये लिहा. ‘विकले गेले नाहीत’साठी ‘दे’ लागेल, ते बांगड्यांचं. पण आणले कुणी? ‘आणले’ हे क्रियापद बांगड्यांप्रमाणे चाललंय, आणणाऱ्याचा पत्ता ते देत नाही. मी, तिने की आम्ही, ते तुम्हालाच ठरवावं लागेल.