गळका नळ आणि तिसरीचा वर्ग

दोन प्रश्न ऐका. पहिला : नळातून तासाला ६०० मिलिलीटर पाणी गळतं, तर दिवसाला किती? दुसरा : व्हरांड्यातला नळ गळतोय. दिवसभरात किती पाणी जात असेल?

पहिल्यात गुणाकार केला की सुटलो. दुसऱ्यात आकडेच नाहीत! अशी खरी अडचण समोर ठेवून शिकवणं, म्हणजे समस्याधारित पद्धत. मुलं लगेच तुमच्या तोंडाकडे बघणार. आणि इथेच आपलं चुकतं, आपण बोलून टाकतो. मेरी बड रो या संशोधिकेने वर्गावर्गात जाऊन मोजलं होतं : प्रश्न विचारल्यावर शिक्षक सरासरी १ सेकंद थांबतात. ३ सेकंद थांबले, तर मुलांची उत्तरं लांबतात, कारणांसकट येतात. तेव्हा थांबा. अवघड आहे, पण थांबा.

मग फळ्यावर दोन रकाने. 'काय माहीत आहे' आणि 'काय शोधायचंय'. कुणीतरी म्हणेलच, मापाचं भांडं ठेवून बघू.

समजा, १० मिनिटांत एका गटाचं पाणी भरलं १०० मिलिलीटर, दुसऱ्याचं १३०. आता भांडण! "बरोबर कोण?" याचं उत्तर तुम्ही द्यायचं नाही. "तुम्ही कसं मोजलंत?" एवढंच विचारायचं. कुणी भांड्यात वरून वाकून बघितलेलं असतं, कुणी घड्याळ उशिरा लावलेलं. किंवा मधे टाकी भरली आणि धार वाढली. आपल्याच आकड्यावर शंका घ्यायला मूल शिकतं ते असं. चिकित्सक विचार म्हणून वेगळा तास ठेवून हे येत नाही, असं माझं मत.

पुढे दहा मिनिटांच्या मापाला सहाने गुणून तासाचं पाणी काढायचं. मग कुणी त्याला पाचाने गुणेल, शाळा पाच तास असते म्हणून. त्यावर दुसरं मूल विचारेल, "शाळा सुटली हे नळाला कोण सांगतं?" मग चोवीसने गुणाकार. एका गटाचे १४.४ लीटर, दुसऱ्याचे १८.७२. "साधारण १४ ते १९ लीटर" हे उत्तर चालेल का? चालेल. उलट तेच जास्त प्रामाणिक.

ही समस्याधारित पद्धत गाजली ती कॅनडातल्या मॅकमास्टर विद्यापीठात, १९६९पासून, डॉक्टर घडवताना. ती मोठी माणसं होती. नवशिक्यांना नुसतं सोडून दिलं तर ती गोंधळतात, ही किर्शनर, स्वेलर आणि क्लार्क या शिक्षण-संशोधकांची २००६ची टीका मला पटते. म्हणून माप वाचणं आणि गुणाकार आधी सरळ शिकवा.

आणि शेवटी वहीत उत्तराऐवजी हे लिहून घ्या : पुन्हा मोजायचं झालं, तर काय वेगळं कराल?