कुंडीतली चॉकलेटची माती

[दृश्य : कोल्हापूरच्या मंगळवार पेठेतील एका गल्लीचे छोटे सभागृह. बाहेर पाऊस. टेबलावर एक मोठी कुंडी आणि मातीची बोळकी.]

ही कुंडी कुंभाराकडची आहे आणि तिच्यात खोचलेली पुदिन्याची डहाळीही खरी आहे. मात्र तिच्यातली काळी माती बिस्किटांची आहे आणि त्या मातीतून डोके वर काढणारी गांडुळे जेलीची आहेत. अमेरिकेत मुलांच्या वाढदिवसांना ‘डर्ट केक’ या नावाने केला जाणारा हा पदार्थ म्हणायला केक असला, तरी त्याला ओव्हन लागत नाही आणि अंडेही लागत नाही. मोठ्या पातेल्यात पन्नास जणांचे रांधण्याची सवय असलेल्या, पण ओव्हनशी फारसा संबंध न येणाऱ्या गल्लीतल्या स्वयंपाकाला तो म्हणूनच सोयीचा आहे.

निमित्त बेंदराचे, म्हणजे बैलांच्या सणाचे आहे. कुंभार गल्लीतून आणलेले मातीचे बैल घरोघरी पुजले जात असताना मुलांना मातीच खायला घालण्याची ही कल्पना गल्लीतल्या काकूंना सुचली. नैवेद्याची पुरणपोळी आपल्या जागी आहे आणि तिची बरोबरी करण्याचा या पदार्थाचा मुळीच इरादा नाही.

सगळी गंमत एका गोष्टीवर अवलंबून आहे, ती म्हणजे वरची माती कोरडी, भुसभुशीत आणि मातीसारखीच ओबडधोबड दिसली पाहिजे. कोल्हापूरच्या पावसाळ्यात हेच अवघड असते, कारण इथल्या दमट हवेत उघडे राहिलेले बिस्कीट पाहता पाहता सादळते. त्यामुळे कृतीतला जवळजवळ प्रत्येक निर्णय ओल कुठे असावी आणि कुठे नसावी, याच विचाराने घ्यावा लागतो.

[दृश्य : जाड पिशवीत बिस्किटे. त्यांवरून फिरणारे लाटणे.]

काळ्या क्रीम बिस्किटांमध्ये सर्वांत परिचित असलेले ओरिओ १९१२ साली अमेरिकेत बाजारात आले आणि भारतात ते २०११ मध्ये पोहोचले. पन्नास जणांसाठी अशी सुमारे दीड किलो बिस्किटे लागतात. मधले क्रीम खरवडून काढण्याचा खटाटोप करू नये, कारण चुऱ्याला किंचित धरून ठेवण्याचे काम तेच करते. मिक्सर मात्र टाळावा. त्यात बिस्किटांचे पीठ होते, आणि पिठाची माती कोणालाही खरी वाटत नाही. लाटण्याने केलेल्या चुऱ्यात बारीक भुगा, मध्यम कण आणि एखाददुसरे ढेकूळ असे तिन्ही राहतात. हा चुरा हवाबंद डब्यात भरून ठेवला जातो आणि त्यातला वरच्या थराचा भाग वाढण्याच्या वेळेपर्यंत कोणीही उघडायचा नाही, असे काकूंनी बजावून ठेवले आहे.

[दृश्य : गॅसवर जाड बुडाचे पातेले.]

आता ओल्या थराकडे वळू. मूळ अमेरिकी कृतीत क्रीम चीज, लोणी आणि पुडीतले तयार पुडिंग असते. इथे क्रीम चीजच्या जागी चक्का घेतला आहे, आणि आमच्या मते हा बदल मूळ कृतीपेक्षा सरस ठरतो, कारण चक्क्याचा आंबटपणा चॉकलेटचा गोडपणा आवरतो. चक्क्यात क्रीम चीजपेक्षा पाणी अधिक असल्याने तो विकत आणलेला असला, तरी रात्रभर फडक्यात बांधून टांगावा लागतो.

तीन लिटर दुधाला दोनशे ग्रॅम कॉर्नफ्लोअर, दीडशे ग्रॅम कोको, चारशे ग्रॅम साखर आणि तितकेच डार्क चॉकलेट, असे प्रमाण आहे. पाऊण किलो चक्का आणि अर्धा किलो फेटलेले क्रीम नंतर येते. दूध म्हशीचे आहे. गंगावेशीतल्या दूध कट्ट्यावर गिऱ्हाइकासमोर धार काढून दूध देण्याची कोल्हापूरची रीत सर्वश्रुत आहे, आणि अशा घट्ट दुधाचा उपयोग इथे दिसतो. ते आधी तापवून पूर्ण गार केले आहे.

कॉर्नफ्लोअर, कोको आणि साखर चाळून गार दुधात कालवतात. गरम दुधात पीठ टाकले, तर प्रत्येक गोळ्याचा बाहेरचा भाग लगेच शिजून बंद होतो आणि आत कोरडे पीठ अडकून गुठळ्या होतात. मिश्रण साधारण साठ-पासष्ट अंशांच्या पुढे गेले की पिठाचे कण पाणी शोषून फुगू लागतात, पण पूर्ण दाटपणा उकळीच्या जवळ पोहोचल्यावरच येतो. म्हणून पातेल्यात जड, सावकाश फुटणारे बुडबुडे दिसू लागल्यानंतरही दोन मिनिटे उलथने बुडाशी फिरवत राहावे लागते. इथे घाई झाली, तर कच्च्या पिठाची चव राहते, शिवाय पुडिंगला पुढे पाणी सुटते आणि ते पाणी थेट आपल्या मातीत उतरते.

आच बंद केल्यावर चॉकलेटचे तुकडे घालायचे. ‘कंपाउंड’ नावाने मिळणाऱ्या स्वस्त चॉकलेटमध्ये कोको बटरऐवजी दुसरी वनस्पतिजन्य चरबी असते आणि ती टाळूला चिकटून राहते, तर कोको बटर शरीराच्या उष्णतेलाच वितळते. खर्च वाचवायचाच असेल, तर तो बिस्किटांत वाचवावा, चॉकलेटमध्ये नाही.

[दृश्य : दोन पराती थंड पाण्यावर ठेवलेल्या. पुडिंगवर चिकटवून पसरलेला प्लॅस्टिकचा कागद.]

एवढे गरम पातेले तसेच फ्रिजमध्ये ठेवले, तर फ्रिज तापतो आणि पातेल्याचा मध्यभाग तासन्‌तास कोमट राहतो. त्यापेक्षा दोन परातींत पसरून, खाली थंड पाणी ठेवून ते दोन तासांच्या आत फ्रिजमध्ये जाईल असे पाहावे. वर चिकटून असलेल्या कागदामुळे साय धरत नाही. चक्का आणि क्रीम पूर्ण गार झालेल्या पुडिंगमध्येच हलक्या हाताने मिसळायचे असते. कोमट पुडिंगमध्ये क्रीमची हवा निघून जाते आणि सगळेच पातळ होते.

बोळकी हा या बेताचा खास कोल्हापुरी भाग म्हणावा लागेल. कोरी, रंग न दिलेली बोळकी धुऊन वाळवली की त्यांची भाजलेली माती पुडिंगमधले थोडे पाणी ओढून घेते आणि थर घट्ट बसतो. त्याहून मोठा लाभ नाकाला होतो, कारण ओलसर झालेल्या बोळक्याला पहिल्या पावसाचा वास येतो, आणि मातीचे हे सोंग त्या वासाने पुरे होते. तळाशी चुरा, त्यावर पुडिंग, मध्ये पुन्हा चुऱ्याची पातळ पेरणी आणि वर पुडिंग, असे भरून बोळकी चार तास फ्रिजमध्ये राहतात. मोठ्या कुंडीला तळाशी भोक असल्याने तिच्यात स्टीलचे भांडे बसवले आहे. वाढायला मात्र नवी, उकळत्या पाण्याने धुतलेली गवंड्याची लहान थापी आहे. लोखंडी खुरप्याचाही विचार झाला होता, पण गंजाच्या भीतीने तो मागे पडला.

गांडुळांबाबत एक दक्षता घ्यावी लागते. बहुतेक जेली जिलेटिनची असते आणि जिलेटिन जनावरांच्या कातडी-हाडांपासून काढतात. शाकाहारी पंगतीसाठी पाकिटावरचा हिरवा ठिपका पाहून पेक्टिनची जेली घ्यावी, अथवा चायना ग्रास उकळून स्ट्रॉमध्ये ओतून घरीच गांडुळे पाडावीत. अगदी लहान मुलांच्या बोळक्यातून ती काढूनच टाकलेली बरी, कारण चिवट जेली घशात अडकू शकते.

[दृश्य : चुऱ्याचा डबा उघडतो. बोळक्यांवर माती पेरली जाते. मुले रांगेत.]

“काकू, ह्ये गांडूळ खरं हाय व्हय?”

“खाऊन बघ की, मग कळंल!”

पहिला घास घेणाऱ्याचे तोंड वाकडे होते आणि लगेच सरळ होते. मागच्या मुलाला ते कळू नये, म्हणून तो पुन्हा वाकडे करून दाखवतो. त्याच्या दाताखाली चुरा कुरकुरल्याचा आवाज इथपर्यंत ऐकू येतो.

वाढून झाल्यावर उरलेली बोळकी दोन तासांपेक्षा जास्त बाहेर राहू देऊ नयेत. दुसऱ्या दिवशी वरची माती सादळलेली असेल, पण ती खाली दाबून बोळकी फ्रीझरमध्ये ठेवली, तर संध्याकाळपर्यंत त्यांची चांगली घट्ट कुल्फी होते.