आपल्या पाण्यातला मासा, आपल्या ताटात

(राष्ट्रीय मत्स्य शेतकरी दिनानिमित्त कोल्हापुरात मच्छीमार संस्थांचे सभासद, बचत गटातल्या महिला आणि हॉटेल व्यावसायिक यांच्यासमोर झालेल्या व्याख्यानाचं संपादित रूप.)

मंडळी, आज १० जुलै. १९५७ साली याच तारखेला ओडिशातल्या अंगुल इथं डॉ. हिरालाल चौधरी आणि डॉ. अलिकुन्ही यांनी इंजेक्शन देऊन रोहू-कटल्यासारख्या कार्प माशांचं प्रजनन घडवून आणलं. तोवर रोहू-कटल्याचं बीज नदीतून गोळा करावं लागायचं, आणि त्यात नको ती जातही यायची. आज आपल्या संस्था तलावात बोटुकली, म्हणजे बोटाएवढी माशांची पिल्लं, सोडतात, त्याच्या मुळाशी ते काम आहे. मासा वाढवायचा कसा, हे देशाला आता चांगलं कळतं. मला बोलायचंय ते पुढच्या टप्प्याबद्दल. वाढवलेला मासा इथल्याच माणसानं नाव घेऊन मागावा, यासाठी सरकारी अनुदान कसं वापरायचं?

कोल्हापूर मटणाचं गाव आहे, ते तसंच राहू दे. पण मासे खाणारेही इथं काही थोडे नाहीत. रत्नागिरी, देवगड, मालवणचा माल आंबा, गगनबावडा आणि फोंडा घाट चढून येतो. रोहू-कटला बर्फाच्या पेट्यांतून थेट आंध्रातून येतो. आणि राधानगरी, तुळशी, काळम्मावाडी या आपल्या धरणांच्या पाण्यात वाढलेला मासाही त्याच फळीवर, त्याच ओळीत पडलेला असतो. गिऱ्हाईक विचारतं, "कसा दिला?" कुठला, हे विचारत नाही. विचारलं तरी विकणाऱ्या मावशीला कित्येकदा सांगता येत नाही, कारण तिच्यापर्यंत माल येताना ती माहिती कुणी दिलेलीच नसते.

याच जिल्ह्यातल्या गुळाला भौगोलिक मानांकन आहे, आजऱ्याच्या घनसाळ तांदळाला आहे, चपलेला आहे. घनसाळ म्हटलं की माणूस दोन पैसे जास्त द्यायला तयार होतो. राधानगरीच्या धरणातला मासा मात्र बिननावाचा. शाहू महाराजांनी ज्या धरणाचं काम सुरू केलं, त्या पाण्यातल्या माशाला नाव नसावं, याचं मला मनापासून वाईट वाटतं.

आता पैशाकडं येऊ. प्रधानमंत्री मत्स्य संपदा योजना २०२० साली आली, २०,०५० कोटींची. आधी पाच वर्षांची होती, नंतर मुदत २०२५-२६ पर्यंत वाढली. योजनांची नावं बदलत राहतील, पण अनुदानाची रचना समजून घ्या, ती पुढंही उपयोगी पडेल. सर्वसाधारण गटाला प्रकल्प खर्चाच्या ४० टक्के. महिला, अनुसूचित जाती आणि जमातींना ६० टक्के. तळं, पाण्यात मासे वाढवायचा जाळीचा पिंजरा, बीज केंद्र, बर्फाचा कारखाना, हे सगळं त्यात बसतंच. पण यादीत खाली जा. शीतपेटी लावलेली मोटरसायकल, त्याचा मंजूर खर्च ७५,००० रुपये. शीतपेटीची तीनचाकी ३ लाख. मासे विक्रीचा किऑस्क, म्हणजे छोटं दुकान, १० लाख. जिवंत मासे विक्री केंद्र २० लाख. ही बाजाराची साधनं आहेत, आणि आपल्याकडं अर्ज येतात ते बहुतेक तळ्यांचेच.

मोटरसायकलचा हिशेब करू. ताईच्या नावावर प्रस्ताव असेल तर ४५,००० अनुदान, ३०,००० स्वतःचे. दादाच्या नावावर असेल तर ३०,००० अनुदान, ४५,००० स्वतःचे. त्यामुळं घरोघरी बायकोच्या नावानं कागद रंगतात आणि गाडी नवरा चालवतो. मला हे पटत नाही. जास्तीचे वीस टक्के दिलेत ते बाईच्या हातात धंदा यावा म्हणून. खातं तिचं, पेटीची चावी तिच्याकडं आणि खरेदीचा भावही तिनंच ठरवलेला, असं असेल तरच तो पैसा योग्य जागी गेला असं मी म्हणेन.

पेटीबद्दलही बोलायला हवं, कारण अनुदानातून पेटी मिळते, ती भरायची कशी हे कुणी शिकवत नाही. तळाला आधी बर्फाचा चुरा, चांगला चार बोटं. मोठे खडे नकोत, खड्यांच्या टोकांनी कातडी फाटते आणि मधे हवा राहते. त्यावर माशांचा एकच थर. मग पुन्हा चुरा, पुन्हा थर, आणि वर बर्फच. उन्हाळ्यात किलोला किलो बर्फ धरायचा. तळाचं भोक उघडं हवं; वितळलेलं पाणी साठलं की मासा त्या पाण्यात भिजतो आणि वास तिथूनच सुरू होतो. संध्याकाळी कल्ला उघडून दाखवता आला पाहिजे, लालबुंद. गिऱ्हाइकाला तुमच्या मालाची खात्री पटवायची तर याहून सरळ रस्ता नाही. २०१८ साली गोव्यात माशांतल्या फॉर्मेलिनवरून, मृतदेह टिकवायला वापरतात त्या रसायनावरून, केवढा गदारोळ झाला ते आठवा. लांबून येणाऱ्या मालाबद्दल लोकांच्या मनात ती शंका अजून आहे. पहाटे तुळशीतून काढलेला मासा दुपारी कोल्हापुरात कापला जातो, ही आपली ताकद आहे, आणि ती आपण बोलून दाखवत नाही.

अडचण कुठं येते, तर अनुदान मागाहून मिळतं. आधी स्वतः खर्च करायचा, मग तपासणी, मग टप्प्यानं पैसे. ज्या बाईकडं रोज सकाळी माल उचलण्यापुरतेच पैसे असतात, तिनं पूर्ण रक्कम आधी कुठून आणायची? सावकाराकडून उचलली तर अनुदान व्याजातच जातं. किसान क्रेडिट कार्ड २०१८-१९ पासून मच्छीमारांनाही लागू आहे, आणि एप्रिल २०२५ मध्ये राज्य मंत्रिमंडळानं मत्स्यव्यवसायाला शेतीचा दर्जा दिला. तेव्हा कर्ज मागायला जाताना बिचकत जाऊ नका. शेतकऱ्याला जे मिळतं ते मागा. संस्थेनं सभासदांचे अर्ज एकत्र घेऊन बँकेत जावं. एकटीला चकरा मारायला लावतात, वीस जणी गेल्या की खुर्ची देतात.

आता मुख्य मुद्दा. याच योजनेत देशांतर्गत मासे खाण्याचा प्रचार, ब्रँडिंग आणि लेबल यांनाही जागा आहे. तिकडं कुणी वळत नाही, कारण तलाव दिसतो, गाडी दिसते, प्रचार दिसत नाही. अमेरिकेतलं मॅसॅच्युसेट्स हे मासेमारीचं जुनं राज्य. तिथला सागरी मत्स्य विभाग आपल्याच किनाऱ्यावर धरलेल्या आणि वाढवलेल्या माशांच्या प्रचारासाठी वेगळं अनुदान देतो. लोकांना आपला मासा ओळखता यावा, रांधता यावा, विकत घ्यावासा वाटावा, यासाठीचे कार्यक्रम त्यातून होतात. आपल्याकडं हे करायला काय लागतं? एक पाटी: कुठल्या धरणाचा, कधी काढला, कोणत्या संस्थेचा. पावतीवर तेवढाच मजकूर. आणि बचत गटाच्या बायकांनी भर बाजारात चूल मांडून तांबड्या रश्शात मरळ करून दाखवावी. कोल्हापूरच्या माणसाला पत्रक वाचायला देऊ नका, वाटी द्या.

आणि याची वेळ कोणती, तर हीच. १ जून ते ३१ जुलै आपल्या किनाऱ्यावर यांत्रिक मासेमारीला बंदी असते. समुद्राचा ताजा माल आटतो, भाव चढतात. आणि नेमका तेव्हाच आखाड असतो. श्रावण लागायच्या आत जेवढं खाऊन घ्यायचं तेवढं खाऊन घेणारं आपलं गाव! या दिवसांत संवर्धनाचा, म्हणजे तळ्या-धरणांत वाढवलेला, मासा बाजारात भरपूर असेल, तर त्याला स्पर्धाच नाही. पण आपण तलाव मे महिन्यात पाणी खाली गेलं की एकदम उपसतो, सगळा माल एकाच वेळी आणतो आणि भाव पाडून घेतो. धरणातल्या पिंजऱ्यांत चिलापी किंवा पंगस या जातींचे मासे असतील तर काढणी आखाडापर्यंत थोडी थोडी ठेवता येते. पिंजऱ्यासाठी अनुदान मागताना काढणीचं वेळापत्रकही प्रस्तावात लिहा, असं माझं संस्थांना सांगणं आहे.

इथं एक गोष्ट ठामपणे सांगते. पावसाच्या पहिल्या पाण्याला ओढ्यांतून वर चढणारे, पोटात गाबोळी भरलेले चढणीचे मासे हा "स्थानिक" म्हणून विकायचा माल नव्हे. त्यांची चव मलाही माहीत आहे. पण एक गाभण मासा म्हणजे हजारो अंडी. प्रचाराचा एक रुपयाही त्यावर जाता कामा नये. हॉटेलवाल्या दादांनाही सांगणं आहे. पापलेट २०२३ पासून आपला राज्य मासा आहे आणि १३५ मिलिमीटरपेक्षा लहान पापलेट धरायला मनाई आहे. ताटलीत मावतं म्हणून तळहाताएवढं पापलेट मागू नका. त्याऐवजी बांगडा, तारली यांची थाळी लावा. तीही आपल्याच कोकणची आहे आणि खाणाऱ्याच्या खिशाला परवडणारी आहे.

शेवटचा विषय अवघड आहे, पण टाळून चालणार नाही. पंचगंगा. दूषित पाण्यानं मेलेल्या माशांचा खच बंधाऱ्यांजवळ वारंवार लागतो, तुम्ही सगळ्यांनी पाहिलाय. शहराच्या खालच्या अंगाला धरलेला मासा आपण अभिमानानं "आपला" म्हणून विकू शकतो का? आज माझं उत्तर नाही असं आहे. नदीवर पोट असलेल्या कुटुंबांना हे ऐकून राग येईल, आणि तो रास्त आहे, कारण पाणी त्यांनी नासवलेलं नाही. म्हणून माझी मागणी अशी: प्रचारासाठी जो निधी मागायचा, त्यात पाण्याच्या आणि माशाच्या तपासणीचा खर्च पहिला लिहायचा. धरणाचा वेगळा, नदीच्या प्रत्येक टप्प्याचा वेगळा अहवाल, आणि तो मासळी बाजाराच्या दारात, मराठीत, ठळक अक्षरात लावलेला. धरणाच्या माशाला त्याचा फायदा उद्यापासून मिळेल. नदीच्या माशाला मिळायला वेळ लागेल, पण पाणी कुठं बिघडतंय हे त्या कागदावर दर महिन्याला दिसत राहील, आणि ते पाणी बिघडवणाऱ्यांना जाब विचारायला नदीकाठच्या मच्छीमारांच्या हातात सरकारी शिक्क्याचा पुरावा असेल.