आधी गच्ची, मग रंग

(दृश्य: गच्ची, भर दुपार)

यवतमाळ जिल्ह्यातलं हे ३० खाटांचं ग्रामीण रुग्णालय. मे महिना, पारा ४५च्या घरात. इमारतीची तपासणी गच्चीपासून सुरू झाली, हे फार बरं झालं. एरवी ती दर्शनी भिंतीशीच अडकते.

हे पाहा. पावसाचं पाणी जायच्या तोंडाशी कडुनिंबाचा पाला, प्लास्टिक, कबुतरांची घाण. पाणी तुंबतं. उन्हानं तडकलेल्या कोब्यातून स्लॅबमध्ये उतरतं, सळईपर्यंत पोचतं. सळई गंजते, गंज लोखंडापेक्षा जास्त जागा घेतो, आतून रेटा बसतो आणि खालचं काँक्रीट सुटतं. कठड्याच्या सांध्यात पिंपळ उगवलाय. वरवर छाटला तर पुढच्या पावसात परत फुटणार. मुळासकट काढून सांधा भरावा लागतो.

(दृश्य: प्रसूती कक्ष, हातोडी)

आता खाली. अभियंता छताला खालून हातोडीनं हलकेच ठोकत चाललेत. ऐका. टण्, टण्... आणि इथं बद्द. आत काँक्रीट सुटलंय. तेवढ्या भागाभोवती खडूचं वर्तुळ. पुढं काँक्रीट किती घट्ट आहे ते पाहणारी रिबाउंड हॅमर चाचणी आणि आतल्या पोकळ्या, भेगा शोधणारी अल्ट्रासोनिक चाचणी. मावशी सांगतात, पावसाळ्यात या कोपऱ्यातली खाट सरकवावीच लागते.

(दृश्य: भांडारघराची भिंत)

ही तिरपी भेग पायाखालच्या काळ्या मातीची. कपाशीला ही जमीन मानवते, इमारतीला नाही. पावसात फुगते, उन्हाळ्यात आकसते. भेगेवर काचेची पट्टी चिकटवून तारीख घातलीय. पट्टी तडकली, तर भेग अजून वाढतेय. नुसता गिलावा करून भागणार नाही.

(दृश्य: विजेची पेटी)

वायरिंग पंखे आणि ट्यूबलाइटच्या काळातलं. आज त्यावर बाळांना ऊब देणारा वॉर्मर, एसी, ऑक्सिजन कॉन्सन्ट्रेटर. सॉकेटभोवतीचं प्लास्टिक करपलंय. ९ जानेवारी २०२१च्या पहाटे भंडाऱ्याच्या जिल्हा रुग्णालयात नवजात बालकांच्या कक्षाला आग लागली, १० बाळं गेली.

(दृश्य: यादी)

प्रत्येक दुरुस्तीला दोन प्रश्न. किती बिघडलंय? आणि ते कोसळलं किंवा बंद पडलं, तर खाली कोण आहे? भांडारघराची भेग रुंद, प्रसूती कक्षातली ओल तळहाताएवढी. तरी पहिला नंबर प्रसूती कक्षाचा, त्याच्या जोडीला वायरिंगचा. प्रवेशद्वाराची कमान आणि रंग शेवटी. तो पैसा आधी इकडेच वळला पाहिजे.

अंदाजपत्रक, प्रशासकीय मान्यता, तांत्रिक मान्यता, निविदा. यात महिने जातात, आणि मृग तोंडावर आलाय. म्हणून कामाचे दोन भाग. पाण्याचं तोंड मोकळं करणं, पिंपळ काढणं, करपलेली सॉकेटं बदलणं हे रुग्ण कल्याण समितीच्या निधीतून, याच आठवड्यात. स्लॅब, वॉटरप्रूफिंग आणि नवं वायरिंग सार्वजनिक बांधकाम विभागाकडे. दिवाळीनंतर काम उभं राहायचं, तर प्रस्ताव आत्ताच जायला हवा. तोवर वर्तुळाखाली एकही खाट ठेवायची नाही.